पत्रा उघडा, हवा ओली

जोयडा तालुक्यात जुलै-ऑगस्टमध्ये गाडीचा दरवाजा खरवडून पत्रा उघडा केला, ओल्या फडक्याने पुसून तसाच ठेवला आणि माणसे जेवायला गेली, तर ती परत येईपर्यंत चकचकीत लोखंडावर फिकट पिवळी झाक उतरलेली असते. रात्रभर तसाच राहिला तर सकाळी ती झाक नारिंगी होते आणि बोट फिरवले की बोटाला लागते. पेंटर ती फडक्याने पुसतो, वर प्रायमर मारतो, प्रायमरवर रंग चढतो, रंगावर पॉलिश होते. गाडी ताब्यात मिळते तेव्हा तिच्यात तोंड दिसते. दुसऱ्या पावसाळ्यानंतर दरवाज्याच्या खालच्या कडेला रंगाखाली बारीक फोड येऊ लागतात. पुढे ते फुटतात आणि आतून तपकिरी पाणी ओघळते. मालक म्हणतो, रंग हलका वापरला. रंगाचा बहुतेक वेळा काही दोष नसतो. दोष त्या जेवणाच्या सुट्टीतला असतो.

उत्तर कन्नड जिल्ह्यातला हा तालुका सह्याद्रीच्या माथ्यावर, काळी नदीच्या खोऱ्यात आहे. पूर्वी तो सुपा तालुका होता. सुपा गाव धरणाच्या पाण्याखाली गेले आणि कचेऱ्या जोयड्याला आल्या, विस्थापितांची वस्ती रामनगरला झाली. तालुक्याचा मोठा भाग जंगलाचा, काळी व्याघ्र प्रकल्पाचा. एका बाजूला अणशी घाट उतरला की कारवारचा समुद्र, दुसऱ्या बाजूला अनमोड घाट उतरला की गोवा. इथली जीप, बोलेरो किंवा मालाचा टेम्पो एकाच आठवड्यात खारी हवाही खातो आणि जंगलातली ओलही. मागच्या फाळक्यात कधी खताची पोती असतात, कधी मासळीचे क्रेट, आणि दोन्हींतून जे पाझरते ते मीठ किंवा मिठासारखेच. युरियाचे किंवा पोटॅशचे सांडलेले दाणे हवेतली ओल ओढून घेतात आणि पत्र्याच्या सांध्यात चिकटून बसतात. बाकी वेळ तांबडा चिखल आहेच. गाडीच्या पत्र्याची याहून कडक परीक्षा घेणारी जागा शोधायला फार लांब जावे लागेल.

लोखंड गंजते यात खरे तर नवल नाही. नवल आहे ते गंजायला वेळ लावते यात. जोयडा तालुक्यातल्या कॅसल रॉक स्टेशनवर थोडा वेळ उभे राहिले की हे समजायला सोपे जाते. मुरगाव बंदरात उतरलेला कोळसा कुळेहून ब्रगांझा घाट चढून याच स्टेशनातून वर जातो. हा घाट देशातल्या अवघड रेल्वे चढांपैकी एक आहे, दर ३७ फुटांना एक फूट चढ. हा कोळसा पुढे बळ्ळारी जिल्ह्यात तोरणगल्लूच्या पोलाद कारखान्याकडे जातो. तिथल्या मातीत लोखंड आहे, पण ते प्राणवायूला धरून बसलेले, तांबड्या दगडाच्या रूपात. तो प्राणवायू सोडवायला भट्टीत कोळसा जाळावा लागतो. मग पोलाद होते, त्याचा पत्रा होतो आणि पत्र्याची गाडी. गाडीवर चढणारा गंज म्हणजे लोखंडाने प्राणवायू आणि पाण्याला परत जवळ करणे. तोरणगल्लूच्या परिसरातल्या खाणीतला तांबडा दगड आणि जीपच्या मडगार्डवरचा तांबडा भुगा एकाच कुळातले आहेत.

हे घडते कसे, ते केंब्रिज विद्यापीठातल्या यूलिक इव्हान्स या रसायनशास्त्रज्ञाने १९२०च्या दशकात एका साध्या प्रयोगातून दाखवले. त्याने घासून स्वच्छ केलेल्या लोखंडी पत्र्यावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवला. त्यात दोन रसायने मिसळली होती: एक लोखंड विरघळू लागले की निळे होणारे, दुसरे पाण्यात अल्क तयार झाले की गुलाबी होणारे. काही वेळाने थेंबाचा मध्य निळा झाला, कडा गुलाबी झाली आणि दोन्हींच्या मध्ये तपकिरी कडे उमटले. थेंबाच्या कडेला हवा सहज पोचते, मध्यावर कमी पोचते. या फरकामुळे एका थेंबात एक छोटी बॅटरी तयार होते. लोखंड खाल्ले जाते ते हवा कमी असलेल्या मध्यभागी आणि गंज दिसतो तो दुसरीकडे, कडेजवळ.

गाडीवाल्याने या प्रयोगातून घ्यायची गोष्ट ही की पत्रा जिथे झाकलेला, चिखलाने लिंपलेला, सांध्यात दडलेला असतो तिथेच तो खोल खाल्ला जातो. चाकावरच्या कमानीच्या आत वाळलेला चिखल, दरवाज्याच्या पोटात साठलेला पालापाचोळा, रबरी मॅटखालची ओल, रंगाखाली पुटकुळीसारखा उठलेला फोड, ही सगळी इव्हान्सच्या थेंबाची मोठी रूपे. बाहेरून दिसणारा डाग लहान असतो आणि टोकदार स्क्रू-ड्रायव्हरने त्यावर हलके टोचले की टोक आरपार जाते. जुनी गाडी घेताना रंगाची चमक बघण्यापेक्षा दरवाज्याची खालची पट्टी आणि फुटबोर्डखालचा पत्रा असा टोचून बघणे कितीतरी शहाणपणाचे. मालक रागावला तर रागावू द्यावा.

हवेतल्या ओलीचा हिशोब ब्रिटिश संशोधक डब्ल्यू. एच. जे. व्हर्नन याने १९३०च्या दशकात मांडला. सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या खाली असेल तर स्वच्छ लोखंड फार हळू गंजते, त्यावर गेली की वेग एकदम वाढतो. पत्र्यावर मीठ किंवा धूळ असेल तर ही मर्यादा आणखी खाली येते, कारण मीठ हवेतून पाणी ओढते आणि डोळ्याला न दिसणारा ओला पापुद्रा तयार करते. घाटमाथ्यावर पावसाळ्यात आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास दिवसेंदिवस राहते. तेव्हा इथे उघडा पत्रा कोरडा कधीच नसतो. तो कोरडा वाटतो, इतकेच.

आता कारखान्यात काय होते ते बघावे, म्हणजे गॅरेजमध्ये काय करायचे ते कळते. नाशिकला बोलेरो बनते किंवा चाकणला दुसरी एखादी गाडी बनते तेव्हा तिचा उघडा सांगाडा आधी गरम क्षाराच्या पाण्याने धुतला जातो, म्हणजे तेलाचा अंश जातो. मग तो फॉस्फेटच्या हौदात बुडतो. पोलादावर फॉस्फेटच्या बारीक स्फटिकांचा थर बसतो, जो रंगाला धरून ठेवतो. त्यानंतर सांगाडा रंगाच्या टाकीत पूर्ण बुडवून त्यातून वीज सोडतात. विजेच्या ओढीने प्रायमर प्रत्येक कोपऱ्यात, दरवाज्याच्या पोटातही जाऊन बसतो. हा थर साधारण २० मायक्रॉनचा, म्हणजे केसापेक्षाही पातळ. तो भट्टीत साधारण १६० ते १८० अंशांवर भाजला जातो. कित्येक गाड्यांचा पत्राच मुळात जस्ताचा थर दिलेला असतो. ऑडी कंपनीने १९८५ साली आपल्या १०० या मॉडेलचा सगळा सांगाडा जस्त चढवलेल्या पत्र्याचा केला आणि तेव्हापासून इतरांनाही तो रस्ता धरावा लागला. जस्त आपण खपते आणि लोखंडाला वाचवते. त्यावर ओरखडा उठला तरी आजूबाजूचे जस्त आधी झिजते, पोलाद मागे राहते.

गॅरेजमध्ये यातले काहीच करता येत नाही. हौद नाही, भट्टी नाही, वीज सोडायची टाकी नाही. म्हणून पहिला नियम निघतो आणि तो सगळ्यात जास्त मोडला जातो: कारखान्याचा थर जिथे धड आहे तिथे तो काढू नये. एका डेंटसाठी सगळा दरवाजा ग्राइंडरने नागडा करणारा कारागीर मेहनती दिसतो, पण तो पैसे देऊनही परत न मिळणारी गोष्ट भुग्यात घालवत असतो. खराब भागापुरता पत्रा उघडा करावा आणि कडेच्या जुन्या रंगाला उतार द्यावा, इतका की बोट फिरवले तर पायरी लागू नये.

घासण्याच्या आधी धुणे. हा क्रम उलटला की पुढचे सगळे बिघडते आणि तो रोज उलटतो. गाडीवर डांबराचे शिंतोडे असतात, ग्रीस असते, डॅशबोर्ड आणि टायर चमकवायच्या पॉलिशमधले सिलिकॉन असते. तशाच पत्र्यावर ८० नंबरचा पेपर फिरवला तर तेल निघत नाही, ओरखड्यांच्या तळाशी भरले जाते. मग वरून कितीही पुसा. म्हणून आधी साबण आणि भरपूर पाणी, त्याने मीठ आणि चिखल जातो. मग वाळवून ग्रीस काढायचे द्रावण, ज्याला बाजारात वॅक्स अँड ग्रीस रिमूव्हर म्हणतात. ते वापरायची रीत दोन फडक्यांची आहे. एका हातात भिजवलेले स्वच्छ फडके, दुसऱ्या हातात कोरडे. ओल्याने हातभर जागा पुसायची आणि ती वाळायच्या आत कोरड्याने टिपून घ्यायची. द्रावण जागेवर वाळू दिले तर विरघळलेले तेल तिथेच परत बसते, फक्त जास्त पसरून. फडके वरचेवर बदलायचे. ग्रीस पुसलेली जुनी चिंधी थिनरमध्ये बुडवून फिरवणे म्हणजे तेल वाटत सुटणे. रॉकेल तर या कामाला मुळीच नको, ते स्वतःच तेलकट थर मागे ठेवते.

नंतर गंज काढणे. वरवरचा गंज घासपेपरने किंवा वायर ब्रशने जातो. पण जुन्या गंजाने पत्र्यात खड्डे पाडलेले असतात आणि ग्राइंडरवरचा वायर ब्रश तिथे फसवतो. तो खड्ड्यांच्या कडांना चमकवतो, तळाचा काळा गंज मात्र दाबून गुळगुळीत करतो. दिसायला पत्रा रुपेरी होतो. उन्हात तिरपा धरून बघितला तर चमकत्या पृष्ठभागावर काळे ठिपके दिसतात, सुईच्या टोकाएवढे. ते ठिपके म्हणजेच पुढच्या फोडांची जागा. त्यांच्यासाठी वाळूचा मारा, म्हणजे ब्लास्टिंग, किंवा आम्ल, दोनच उपाय. ब्लास्टिंग पातळ पत्र्यावर जपून करावे लागते, दाब जास्त झाला तर बॉनेट लाटा धरते. ग्राइंडरची फ्लॅप डिस्क एकाच जागी दाबून धरली तरी पत्रा तापून वाकडा होतो.

आम्ल म्हणजे फॉस्फरिक आम्ल. पातळ केलेले, ब्रशने लावायचे, वाळू न देता ओले ठेवायचे, मधूनमधून घासायचे, मग भरपूर पाण्याने धुऊन लगेच वाळवायचे. ते गंज विरघळवते आणि लोखंडावर फॉस्फेटचा करडा थर सोडते. १९०६ साली बर्मिंगहॅमच्या थॉमस वॉट्स कॉस्लेटने लोखंडाला फॉस्फेट चढवायच्या पद्धतीचे पेटंट घेतले, तिथून हा उद्योग सुरू झाला. पण फॉस्फरस लोखंडाला वाचवतो याचा पुरावा भारतात कितीतरी आधीपासून उभा आहे. दिल्लीच्या मेहरौलीतला गुप्तकाळातला लोहस्तंभ सोळाशे वर्षे टिकला. कानपूर आयआयटीचे आर. बालसुब्रमण्यम यांनी अभ्यास करून दाखवले की त्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण जास्त आहे आणि त्यामुळे पृष्ठभागावर एक घट्ट संरक्षक पापुद्रा तयार झाला आहे. दिल्लीची कोरडी हवाही मदतीला आहेच. म्हणूनच कर्नाटकाच्या डोंगराळ मलनाडातला दुसरा स्तंभ जास्त विचार करायला लावतो. शिवमोग्गा जिल्ह्यात कोडचाद्रीच्या डोंगरावर मूळ मूकांबिकेच्या देवळासमोर एक लोखंडी स्तंभ सह्याद्रीच्या भर पावसात उभा आहे. धातुशास्त्रज्ञ टी. आर. अनंतरामन यांनी १९९९ साली त्याच्यावर लिहून अभ्यासकांचे लक्ष तिकडे वेधले. जोयड्यासारख्याच हवेत कारागिरांनी घडवलेले लोखंड कसे टिकते, याचा तो साक्षात नमुना आहे.

गंज काढण्याऐवजी गंजालाच बदलून टाकणारी द्रावणे बाजारात मिळतात. त्यांपैकी बऱ्याच द्रावणांत टॅनिक आम्ल असते. ते लोखंडाच्या गंजाशी संयोग पावून काळा, न विरघळणारा थर बनवते. हे रसायन सह्याद्रीतल्या माणसांच्या परिचयाचे आहे. हिरड्याच्या फळात टॅनिन भरपूर असते, जोयड्याच्या रानात हिरडा आहे, आणि जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात तर हिरडा गोळा करून विकणे हा आदिवासी कुटुंबांचा महत्त्वाचा आधार आहे. हिरडा आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, एकत्र केले की काळी शाई होते, तीच ही क्रिया. गंजलेल्या जागेवर द्रावण लावल्यावर तांबडा रंग डोळ्यांदेखत निळसर काळा होताना दिसतो. मात्र हे औषध पातळ गंजाला आहे. पापुद्रे सुटलेल्या जाड गंजावर ओतले तर वरचा थर काळा होतो आणि खालचा आपले काम चालू ठेवतो. अशी द्रावणे लावून गंज घासायचे कष्ट वाचवणे, ही गॅरेजमधली सगळ्यात महाग काटकसर आहे.

भोक पडले असेल तर प्रश्नच मिटला. तिथला पत्रा कापून नवा जोडावा. भोकावर जाळी ठेवून वर पुट्टी भरणे हे काम सगळीकडे चालते, आणि ते बंद व्हायला हवे. पॉलिस्टर पुट्टीत भुकटी मोठ्या प्रमाणात असते आणि ती पाणी शोषते. मागून उघडी राहिलेली पुट्टी दरवाज्याच्या पोटातली ओल पीत राहते आणि कडेच्या चांगल्या पत्र्यालाही पाजते.

इथपर्यंत पत्रा स्वच्छ झाला. तो खरेच स्वच्छ झाला का, हे तपासायला एक जुनी आणि फुकटची चाचणी आहे. स्वच्छ पाण्याचा फवारा मारायचा. पाणी सलग पापुद्रा धरून खाली सरकले तर तेल गेले. कुठे थेंब गोळा झाले, पाणी फाटले, तर तिथे तेल आहे. तेवढी जागा परत पुसायची. यानंतर त्या पत्र्याला उघडा हात लावायचा नाही. तळहाताला घाम असतो, घामात मीठ असते, आणि केसांना खोबरेल लावलेल्या माणसाच्या बोटांना तेलही असते. पांढऱ्या प्रायमरखाली काही महिन्यांनी बोटांच्या ठशांच्या आकारात गंज उमटलेला दिसतो, तो याच कारणाने. रबरी हातमोज्यांची जोडी म्हणजे या सगळ्या खर्चातला सर्वात लहान खर्च.

चाचणीचे पाणी मात्र लगेच उडवायला हवे आणि जोयड्याच्या हवेत खरी कसोटी इथेच लागते. हवा २८ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असेल तर दवबिंदू २६ अंशांच्या थोडा वर येतो. म्हणजे पत्रा हवेपेक्षा दोनच अंश थंड असला तरी त्यावर दव धरते. लोखंडाची गंमत अशी की सकाळी हवा तापते, पण रात्रभर थंड झालेले जाड भाग, चेसिसला टेकलेले भाग मागे राहतात. शेडमधल्या माणसाला उकडत असते आणि बॉनेटला घाम सुटलेला असतो, इतका बारीक की डोळ्याला दिसत नाही. रंगकामातला जगभर पाळला जाणारा नियम सांगतो की पृष्ठभाग दवबिंदूपेक्षा निदान तीन अंशांनी गरम असावा. आर्द्रता ६० टक्के असताना त्याच २८ अंशांच्या हवेत दवबिंदू साडेएकोणीसच्या आसपास असतो, तेव्हा चिंता नाही. पावसाळ्यात मात्र पत्रा गरम केल्याशिवाय हा नियम पाळताच येत नाही. हॅलोजनचे दिवे लावावेत, पत्र्याच्या मागच्या बाजूने ऊब द्यावी, आणि हातमोजा घातलेल्या हाताच्या पाठीलाही पत्रा थंड लागतो आहे तोवर गन उचलू नये. आर्द्रता आणि तापमान दाखवणारे छोटे यंत्र फार महाग नसते. ते प्रत्येक रंगाच्या शेडमध्ये भिंतीवर हवे. दांडेली, रामनगर, खानापूर या पट्ट्यातल्या गॅरेजवाल्याने नवीन स्प्रे गन घेण्याआधी ते घ्यावे.

ओल दुसऱ्या वाटेनेही येते, नळीतून. कंप्रेसर हवा दाबतो तेव्हा तिच्यातले पाणी सुटून टाकीच्या तळाशी जमते. पावसाळ्यात टाकीचा नळ संध्याकाळी उघडला तर तांबूस पाणी भळाभळा निघते. तो रोज उघडायलाच हवा. शिवाय पाणी अडवणारा सापळा कंप्रेसरला चिकटून लावला तर त्याचा उपयोग थोडा, कारण तिथे हवा अजून गरम असते आणि वाफ तशीच पुढे जाते. लांब नळीत हवा निवली की पाणी होते आणि ते थेट गनमधून प्रायमरमध्ये. सापळा शक्यतो गनच्या जवळ बसवावा.

आता प्रायमर. एके काळी लोखंडाला शेंदराचा हात देत असत. देवाला लावायचा शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड, आणि पूल, जहाजे, टाक्या यांच्यासाठी त्याच्याइतका भरवशाचा गंजरोधक दुसरा नव्हता. तो विषारी असल्यामुळे मागे पडला. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. जुन्या जीपवरचा रंग घासताना ही गोष्ट लक्षात ठेवावी: त्या धुळीत शिसे असू शकते, म्हणून तोंडावर साधा रुमाल नव्हे, नीट बसणारा मास्क हवा आणि शेडमध्ये मुले नकोत. शेंदराच्या जागी स्वस्त रेड ऑक्साइड आला. रंग तसाच तांबडा, त्यामुळे लोकांचा विश्वासही तसाच राहिला. पण रेड ऑक्साइडमधला तांबडा भुगा लोखंडाचाच ऑक्साइड आहे, तो एकटा गंज थांबवत नाही. गंज थांबतो तो त्यात झिंक फॉस्फेटसारखे दुसरे काही असेल तर, आणि थर पाणी आत येऊ देत नसेल तर. साधा एका डब्यातला प्रायमर पाणी आत येऊ देतो. गाड्यांवर प्रायमर मारून त्या महिनाभर शेडबाहेर उभ्या ठेवलेल्या दिसतात. पैसे जमले की रंग, असा मालकाचा विचार असतो. दरम्यान पाऊस प्रायमरमधून पत्र्यापर्यंत पोचलेला असतो.

उघड्या पत्र्यासाठी आज दोन चांगले पर्याय आहेत. एक एचिंग प्रायमर. त्यात थोडे फॉस्फरिक आम्ल असते, ते पत्र्याला चावा घेऊन पकडते. याचा हात अगदी पातळ द्यायचा आणि त्यावर वेळेत पुढचा थर चढवायचा, तो एकटा उघडा ठेवायचा नाही. दुसरा दोन डब्यांचा इपॉक्सी प्रायमर, हार्डनर मिसळून वापरायचा. तो पाणी अडवण्यात सर्वांत पक्का. कारवार-गोवा-जोयडा या हवेत इपॉक्सीच घ्यावा, इतके स्पष्ट सांगायला हरकत नाही. आणि पुट्टी पत्र्यावर न भरता इपॉक्सीचे दोन हात सुकल्यावर, ते खरखरीत करून, त्यावर भरावी. बहुतेक गॅरेजमध्ये उलटे चालते, आधी पुट्टी, मग प्रायमर. कोरड्या सोलापुरात ते काही वर्षे खपून जाते. घाटमाथ्यावर नाही.

एक धोका इथे आहे आणि तो चांगल्या कारागिरांनाही चकवतो. इपॉक्सीचा हार्डनर आम्लाशी भांडतो. फॉस्फरिक आम्ल नीट धुतले गेले नसेल, किंवा एचिंग प्रायमरवर इपॉक्सी मारला, तर तो पुरता कडक होत नाही आणि नखाने सोलून निघतो. म्हणून एकाच कंपनीची मालिका वापरावी आणि डब्यासोबतचा तक्ता वाचावा. घासायचा पेपर किती नंबरचा, दोन हातांमध्ये किती मिनिटे, किती तासांत पुढचा थर, सगळे त्यात लिहिलेले असते. इपॉक्सी आणि दोन डब्यांचे पॉलियुरेथेन रंग मारताना श्वसनाची काळजी मात्र कारागिराची स्वतःची नाही, गॅरेजमालकाची जबाबदारी आहे. पॉलियुरेथेनच्या हार्डनरमधले आयसोसायनेट फुप्फुसात गेले तर कायमचा दमा जडू शकतो. रुमाल बांधून रंग मारणारी पोरे बघितली की जीव खालीवर होतो.

बाहेरचा पत्रा असा सांभाळला तरी पोटातला राहतोच. दरवाज्याच्या खालच्या कडेला पाणी जायला भोके दिलेली असतात. जंगलातल्या रस्त्यांवर झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाड्यांत ती कुजलेल्या पानांनी आणि चिखलाने बुजतात, आणि काचेवरून उतरलेले पाणी दरवाज्यातच साठते. पुढच्या काचेच्या खालच्या जाळीतही तेच. पावसाळ्याआधी आणि दिवाळीनंतर ही भोके तारेने मोकळी करायला पैसे लागत नाहीत. डेंटचे काम झालेल्या पोकळ्यांत पातळ मेण फवारून घ्यावे, ते सांध्यात झिरपते आणि लवचीक राहते. खालून मारायचे काळे अंडरकोटिंग मात्र गंजावर मारले तर गंजाला पांघरूण मिळते. ते फक्त धुतलेल्या, वाळलेल्या, प्रायमर दिलेल्या पत्र्यावर.

मालकाने या सगळ्यात करायचे काय? दरच ठरवून निघून येऊ नये. प्रायमर मारायच्या दिवशी गॅरेजमध्ये जावे आणि उघडा पत्रा उन्हात तिरपा धरून बघावा. काळे ठिपके दिसले तर काम थांबवायला सांगावे आणि त्या दिवसाची मजुरी वर द्यावी. पेंटर घाई करतो ती बहुतेक वेळा स्वभावाने नाही. रंगाच्या चमकीचे पैसे मिळतात, प्रायमरच्या आधीच्या मेहनतीचे कोणी देत नाही, म्हणून करतो. तयारीचे पैसे वेगळे लावणारा कारागीर भेटला तर त्याच्याशी घासाघीस करू नये.

आणि अपघात जुलैतच झाला, दरवाजा आताच सरळ करायचा आहे, तर सगळे काम त्याच आठवड्यात उरकायचा हट्ट सोडावा. डेंट काढून, पत्रा स्वच्छ करून, दिव्यांनी तापवून त्याच दिवशी इपॉक्सीचे दोन हात मारून घ्यावेत. गाडी दिसायला ठिगळ लावलेली दिसेल, पण पत्रा बंद झालेला असेल. इपॉक्सीवर ऊन लागले की वरचा भाग पिठासारखा होतो, त्याने फार बिघडत नाही. दिवाळीनंतर हवा सुकली की तो थर ३२० नंबरच्या पेपरने खरखरीत करावा, पुसावा, तक्त्यात सांगितले असेल तर इपॉक्सीचा आणखी एक पातळ हात द्यावा, मग पुट्टी, बारीक ओरखडे भरणारा सरफेसर आणि शेवटी रंग.